सोयाबीनच्या गाठी आणि आपलं रक्त: भावकी कशी तपासायची

सोयाबीन फुलावर आलं की वावरातलं एक झाड मुळासकट अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल दिसली तर नत्राचं काम नीट चाललंय. हा रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. आपल्या हिमोग्लोबिनशी त्याची भावकी आहे का, हे रंगावरून ठरत नाही. दोघांतल्या अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचा, क्रम ताडून पाहावा लागतो.

प्रथिनांची माहिती देणाऱ्या युनिप्रोट या मोफत संकेतस्थळावर चार प्रथिनं शोधा: माणसाची हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा, माणसाचंच मायोग्लोबिन (स्नायूंत ऑक्सिजन धरणारं प्रथिन), सोयाबीनचं लेगहिमोग्लोबिन. प्रत्येकाचा क्रम ‘फास्टा’ या साध्या अक्षरी स्वरूपात उतरवून एकाखाली एक चिकटवा. डीएनएचा क्रम घेऊ नका. त्यात चारच अक्षरं, म्हणून योगायोगाने जुळणारं फार; शिवाय डीएनए बदलूनही अमिनो आम्ल तेच राहू शकतं. प्रथिनात वीस अक्षरं असतात, प्रत्येक अमिनो आम्लाला एक; जुनं नातं तिथे जास्त टिकतं.

आता सगळं क्लस्टल ओमेगा या क्रम जुळवून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाका. ओळी एकमेकींखाली लागतात. तारा म्हणजे चारही ठिकाणी तेच अक्षर, आडवी रेघ म्हणजे मोकळी जागा.

अल्फा-बीटा सुमारे ४३ टक्के जुळतात. जुन्या एकाच जनुकाच्या दोन प्रती झाल्या आणि पुढे वेगळ्या वाटेने गेल्या. सोयाबीनची ओळ मात्र जेमतेम जुळते, तिथे टक्केवारी सोडा आणि लोहाला धरणारं हिस्टिडीन, म्हणजे ‘एच’ हे अक्षर शोधा. ते चारही ओळींत एकाखाली एक यायला हवं. नंतर त्रिमितीय रचना पाहा. घडी, म्हणजे साखळी दुमडून झालेला आकार, तीच आहे. एवढ्या लांबच्या नात्यात माझा भरवसा घडीवरच.

बीटाची सुरुवातही वाचा. पहिलं ‘एम’ सोडून सहावं अक्षर ‘ई’. सिकलसेलमध्ये तिथे ‘व्ही’ येतं. विदर्भात गावोगावी माहीत असलेला आजार या एका अक्षराचा.

नवं प्रथिन हाती आलं तर आधी ब्लास्ट या साम्य शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये शोधा. ई-मूल्य (इतकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल याचा अंदाज) ०.००१ पेक्षा कमी असेल तर जुळणी सहसा योगायोगाची नसते. मोठं आलं म्हणून नातं नाही असं लिहू नका. मधल्या एखाद्या जीवाचं प्रथिन घेऊन पुन्हा शोधा. आणि ‘२५ टक्के नातं’ असंही लिहू नका: २५ टक्के साम्य असतं, नातं असतं किंवा नसतं.