पहिल्या फ्रेमनंतर थांबायचं: कात्रीन लरुआकडून मी काय शिकले

वृत्तछायाचित्रणात यायचं म्हणून मुलंमुली भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कोणता घेऊ? मला या कामात सतरा वर्षं झाली. त्यातली बरीचशी दैनिकांसाठी, एका फोटोमागे इतके पैसे या बोलीवर गेली. हल्ली या प्रश्नावर मी कॅमेऱ्याबद्दल बोलतच नाही. व्हिएतनाम युद्धाचे फोटो काढणाऱ्या कात्रीन लरुआ या फ्रेंच छायाचित्रकाराबद्दल सांगते.

तिचा जन्म १९४४चा, पॅरिसजवळच्या सानुआचा. कॅथलिक वसतिगृहशाळेत वाढलेली. ‘पॅरिस मॅच’ साप्ताहिकातले युद्धाचे फोटो बघून तिच्या डोक्यात व्हिएतनामनं घर केलं. १९६६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, फक्त जाण्याचं तिकीट काढून ती दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगॉनला पोहोचली. जवळ एक लायका कॅमेरा आणि जेमतेम पैसे. उंची पाच फूट, वजन चाळीस किलोच्या आत. तोवर तिचा एकही फोटो कुठे छापून आलेला नव्हता.

सायगॉनमध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचा फोटो विभाग हॉर्स्ट फास सांभाळत होते. ती सरळ त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिच्या हातात फिल्मचे तीन रोल ठेवले आणि सांगितलं, वापरण्याजोगा फोटो आणलास तर एकाचे पंधरा डॉलर. नवख्यांनी इथे जरा थांबून बघावं. आपल्याकडे मुलं आधी महिनाभर फिरून हजारो फोटो काढतात आणि मग ते कुणाला द्यायचे याचा शोध घेतात. या मुलीनं आधी घेणारा गाठला, दर ठरवून घेतला आणि मग ती मैदानात उतरली. पंधरा डॉलर म्हणजे काही मोठी रक्कम नव्हे. पण आपला फोटो कोण बघणार आणि त्याला काय लागतं, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट कागदाची. व्हिएतनाममध्ये अमेरिकी लष्कराची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकाराचं ओळखपत्र, मिळाली की जागा असेल त्या लष्करी हेलिकॉप्टरमधून पत्रकाराला पुढे जाता यायचं. लरुआ त्या एका कार्डावर दिवसचे दिवस तुकड्यांबरोबर राहायची, सैनिक खातील ते खायची, झोपतील तिथे झोपायची. मध्यंतरी एका अधिकाऱ्याला शिव्या दिल्याबद्दल काही महिने हे कार्ड तिच्याकडून काढून घेतलं होतं. पुरुषांच्या त्या गराड्यात एकट्या मुलीला काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, याचा मला अंदाज आहे, म्हणून तिला दोष देण्याची माझी इच्छा होत नाही. तरी सांगते, अधिस्वीकृती गेली की कितीही हुशार फोटोग्राफर दारातच उभा राहतो. २२ फेब्रुवारी १९६७ला अमेरिकी लष्कराच्या ‘जंक्शन सिटी’ मोहिमेत १७३व्या एअरबोर्न ब्रिगेड या छत्रीधारी तुकडीबरोबर तिनं पॅराशूटमधून उडी घेतली. फ्रान्समध्ये असतानाच ती उडी मारायला शिकली होती, म्हणून ती संधी तिच्या वाट्याला आली. पोहणं, बोट चालवणं, प्रथमोपचार, शेजारच्या राज्याची भाषा: यातलं काहीतरी आत्ताच शिकून घ्या.

आता मूळ मुद्दा. एप्रिल-मे १९६७मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या उत्तर भागातल्या खे सानजवळच्या ८८१ क्रमांकाच्या टेकडीवर लढाई पेटली होती. तिथे लरुआनं व्हर्नन वाइक या नौदलाच्या वैद्यकीय मदतनिसाचे फोटो काढले. बॉम्बफेकीनं झाडांचे नुसते खुंट उरलेत. पहिल्या चौकटीत वाइक गोळी लागलेल्या मित्रावर ओणवा झालाय. दुसरीत त्यानं मित्राच्या छातीला कान लावलाय, ठोके ऐकू येतात का बघतोय. तिसरीत तो मान वर करतो. ठोके थांबलेत हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

पहिली चौकट एकटीसुद्धा कुठल्याही पेपरनं पान एकवर घेतली असती. आपल्यातले बहुतेक जण ती मिळताच मागे फिरले असते. ती तिथेच थांबली. मी हे तीन फोटो शेजारी शेजारी लावून कितीतरी वेळा बघितलेत आणि दर वेळी दुसऱ्यावर अडकते, कारण त्या क्षणी तिसरा कसा असेल हे तिलाही माहीत नव्हतं.

मी मागे फिरलेली आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णाकाठच्या एका गावी बोटीतून एक आजी उतरल्या. सामान काहीच नाही, मुठीत फक्त घराच्या किल्ल्या. मी एक फ्रेम घेतली, छान आली, आणि फोटो पाठवायला रेंज शोधत टेकाडाकडे पळाले. संध्याकाळी सोबतच्या मित्राकडून कळलं की त्या आजी नंतर दोन तास पाण्याच्या कडेला बसून बुडालेल्या घराकडे बघत होत्या, आणि उठताना त्यांनी किल्ल्या नातवाच्या हातात दिल्या. माझा फोटो तीन कॉलम छापून आला. खाली ओळ होती ‘पूरग्रस्त वृद्धा’. नाव मी विचारलंच नव्हतं.

जवळ जाण्याची किंमत असते, हेही नवख्यांपासून लपवू नये. मे १९६७मध्येच उखळी तोफेच्या माऱ्यात लरुआ जबर जखमी झाली, अंगात तुकडे घुसले. गळ्यातल्या कॅमेऱ्यानं छातीवरचा घाव अडवला म्हणून ती वाचली, असं सांगतात. विमा काढल्याशिवाय दंगल, पूर, आग कव्हर करायला जाऊ नका. फ्रीलान्स माणसाचा विमा दुसरं कुणी काढत नाही.

बरी झाल्यावर ती पुन्हा मैदानात गेली. १९६८मध्ये टेट या नववर्षाच्या सणात उत्तर व्हिएतनामच्या बाजूनं मोठा हल्ला झाला. त्यात ह्युए शहरात ती आणि एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेचे फ्रान्स्वा माझूर उत्तर व्हिएतनामी सैनिकांच्या हाती सापडले. आपण पॅरिसचे पत्रकार आहोत हे त्यांनी पटवून दिलं. सुटका तर झालीच, शिवाय तिनं त्या सैनिकांचेच फोटो काढायची परवानगी मिळवली. १६ फेब्रुवारी १९६८च्या ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो होता. ज्यांना जग फक्त शत्रू म्हणून ओळखत होतं, त्यांचे चेहरे लोकांनी त्या अंकात बघितले. मोर्चा कव्हर करताना पोलिसांच्या बाजूनं फोटो काढलेत तर पलीकडेही जा, एवढं मी त्यातून घेतलं.

पुढे पत्रकारितेसाठीचा जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला, आणि लेबनॉनमधल्या बैरूतच्या रस्त्यांवरल्या लढाईच्या फोटोंसाठी १९७६चं रॉबर्ट कापा सुवर्णपदक. पण उत्तरायुष्यात ती कॅलिफोर्नियात जुन्या फॅशनचे कपडे ऑनलाइन विकायची. पदकांनी घर चालत नाही. निगेटिव्हचे, आताच्या भाषेत मूळ फाइलचे, हक्क कुणाकडे राहणार ते पहिल्या दिवशी लिहून घ्या.

२००६ साली ती गेली. त्याआधीच्या वर्षी ‘पॅरिस मॅच’साठी ती ॲरिझोनात व्हर्नन वाइकला भेटून आली होती. टेकडीनंतर अडतीस वर्षांनी. त्याचं नाव होतं, म्हणून शोधता आलं.

माझ्याकडे आजींचा फोटो आहे, नाव नाही. त्याचा मोठा प्रिंट काढून घेतलाय. दिवाळीनंतर तो घेऊन त्या गावात जाणार आहे, आधी नातवाला शोधेन.