पहिली रायफल घेताना: थ्री-नॉट-थ्रीचा मोह आणि थ्री-फिफ्टीनचा व्यवहार

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्याने आणि खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादा निवृत्त फौजी भेटत असल्याने, पहिली रायफल घेऊ पाहणाऱ्याच्या मनात बहुधा लष्करातून निघालेली जुनी थ्री-नॉट-थ्रीच (.303 बोअरची ली-एनफिल्ड रायफल) असते. ही अपेक्षा आधीच सोडलेली बरी. थ्री-नॉट-थ्री हा लष्करी बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) प्रतिबंधित गटात येतो, त्यासाठीची परवानगी केंद्र सरकारच्या हातात असते आणि सामान्य अर्जदाराला ती मिळत नाही. काही देशांत दुकानातून जुन्या लष्करी रायफली सर्रास विकल्या जातात, ते चित्र इथे लागू पडत नाही. कोणी ‘फौजेतून निघालेला माल आहे, कागदपत्रे नंतर करू’ असे सांगत असेल, तर तो व्यवहार नसून थेट गुन्हा आहे.

कायद्याने मिळणारी आणि थ्री-नॉट-थ्रीशी सख्खे नाते असलेली बंदूक म्हणजे थ्री-फिफ्टीन, म्हणजेच .315 बोअरची, आठ मिलिमीटरची स्पोर्टिंग रायफल. इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार झालेल्या या रायफलीच्या बोल्टची (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) रचना ली-एनफिल्डचीच आहे. लष्करी काडतूस तिच्यात चालू नये म्हणून काडतूस तेवढे वेगळे ठेवले आहे. माझे मत विचाराल तर पहिल्या खरेदीसाठी नवी घ्यावी, पण जुनी घ्यायचीच असेल तर पुढील गोष्टी बारकाईने पाहाव्यात.

आधी परवाना, मग बंदूक. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे शस्त्र नियम यांनुसार अर्जदाराचे वय 21 वर्षे पूर्ण असावे लागते. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे आणि तालुक्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सोबत शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते आणि पोलीस चौकशी होते. रानडुकरे व गवे पिकांची नासाडी करतात हे खानापूरकडे खरे कारण असले, तरी पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदा त्यावर वेगळा लागू आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे घरात वडिलोपार्जित बाराबोरी किंवा ठासणीची बंदूक आपल्या नावावर असेल तर तीही मोजली जाईल. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते, ते सीमेवर राहणाऱ्याने दोनदा वाचावे: कर्नाटकापुरता परवाना असेल तर शेत महाराष्ट्रातल्या चंदगड हद्दीत आहे म्हणून बंदूक तिकडे नेता येत नाही. (निवडणूक आली की बंदूक जमा करण्याची नोटीस येऊ शकते, हेही गृहीत धरावे.)

जुनी बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडून घेणे सोयीचे. खाजगी मालकाकडून घेताना त्याने विक्रीचा हेतू जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस उलटलेले असावे लागतात. त्या पत्राची पोच मागून घ्यावी. कारखान्याचे नाव आणि क्रमांक घासलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, पाठ फिरवावी.

मग बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करून बोल्ट काढावा आणि मागच्या बाजूने उजेडाकडे नळी धरून पाहावे. नळीच्या आतल्या पिळाच्या खोबण्यांच्या कडा धारदार व आतला पृष्ठभाग चकचकीत हवा. काळे ठिपके आणि खड्डे दिसले तर तो आपल्याकडच्या पावसाळ्याचा आणि न साफ केलेल्या नळीचा परिणाम असतो. बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक बंदुकीच्या क्रमांकाशी जुळतो का, हे तर पाहावेच. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असेल तर काडतूस बसताना मागे पोकळी राहण्याची शक्यता असते, आणि ती जास्त असेल तर काडतुसाचे पितळी खोके तळाजवळ फाटू शकते. विक्रेत्याकडे त्याच बंदुकीतून उडवलेली खोकी असतील तर तळाच्या थोडे वर चमकदार कडे उमटले आहे का, ते पाहावे. कडे दिसले तर बंदूकदुरुस्ती करणाऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लाकडी दस्त्याला, विशेषतः बोल्टच्या मागे, चीर आहे का हेही पाहावे.

काडतुसे फक्त .315 ची, परवानाधारक दुकानातून, परवान्यावर नोंद करून आणि त्यात लिहिलेल्या मर्यादेतच घ्यावीत. तिच्यात थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस घालून पाहण्याचा विचारही करू नये. आकार जवळचा वाटला तरी व्यास वेगळा आहे. एखाद्या काकांच्या ट्रंकेत सापडलेली जुनी काडतुसे वापरू नयेत: त्यांची दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टोपी) यांचा भरवसा नसतो, आणि जुन्या प्रायमरचे क्षार नळीत राहून ओल ओढतात व गंज चढवतात. हिरवट डाग, चेपलेले खोके, सैल गोळी असलेले काडतूस वेगळे काढून विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यावे.