मोठा रूपांतरित होणारा रोबो खोक्यातून काढताना आणि त्याचे परीक्षण लिहिताना या चुका टाळा

शहर, अवकाशयान किंवा डायनोसोर बनणारा दोन फुटी खेळण्यातला रोबो मोडण्याची सर्वांत जास्त शक्यता तो घरी आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात असते. त्या वेळी उत्साह भरपूर असतो आणि खेळण्याची ओळख जवळजवळ नसते. एखादा सांधा कोणत्या दिशेने फिरतो, कुठपर्यंत फिरतो आणि त्याआधी कोणता भाग बाजूला घ्यावा लागतो हे कळण्यापूर्वीच हात जोर लावून मोकळे होतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका या घाईतून घडतात. काही मात्र आपल्या खानदेशच्या हवेमुळे घडतात, आणि थंड देशांत लिहिलेल्या परीक्षणांत त्यांचा उल्लेखही सापडत नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करणे योग्य ठरेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, भाचे मंडळी मामाकडे मुक्कामाला असतात आणि मोठी खेळणी बहुधा याच दिवसांत मागवली जातात. नेमका याच काळात जळगाव-भुसावळकडचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पार्सल पत्र्याच्या गोदामात किंवा बंद गाडीत त्याहूनही अधिक उष्णतेत पडून राहते. रोबोचे मुख्य शरीर एबीएस या कडक प्लॅस्टिकचे असते. ते सुमारे १०० अंशांपर्यंत आकार टिकवते, त्यामुळे त्याची काळजी नसावी. तलवार, शिंगे, अँटेना यांसारखे टोकदार भाग मात्र मुलांना टोचू नयेत म्हणून पुष्कळदा मऊ पीव्हीसीचे केलेले असतात आणि ते उष्णतेत वाकतात. स्टिकरचा गोंदही सैल पडतो. खोके घरात आल्याबरोबर उघडण्याऐवजी सावलीतल्या खोलीत काही तास तसेच राहू द्यावे, पण कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या ओलाव्याने पुठ्ठा आणि स्टिकरचा कागद दोन्ही फुगतात. तलवार वाकडी निघाली म्हणून लगेच परत पाठवण्याचीही गरज नसते. हाताला सोसवेल त्यापेक्षा जरा अधिक गरम, पण उकळते नव्हे, अशा पाण्यात ती मिनिटभर धरावी, सपाट फळीवर सरळ करावी आणि त्याच स्थितीत गार पाण्यात बुडवावी. हिवाळ्यात याच्या उलट सावधगिरी हवी. धुळ्याचा पारा ८ अंशांच्या खाली उतरतो त्या पहाटे प्लॅस्टिक अधिक ठिसूळ झालेले असते, म्हणून रूपांतराचा पहिला प्रयत्न दुपारी उबेत करावा.

खोके उघडताना

चित्रफीत न काढता खोके उघडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. बाहेरचा पत्ता, टेपचे शिक्के, पुठ्ठ्याला पडलेले पोचे, नंतर आतले खोके आणि शेवटी प्रत्येक भाग हे सारे एकाच अखंड चित्रणात आले पाहिजे. मध्ये चित्रण थांबवून पुन्हा सुरू केले की विक्रेता त्यावर शंका घेऊ शकतो. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवता येते, आणि तेथेही हाच पुरावा कामी येतो.

टेप कापताना कटरचे पाते दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर काढू नये, कारण सूचनापत्रिका आणि स्टिकरचा कागद पुष्कळदा झाकणाच्या लगेच खाली असतात. रोबोला पुठ्ठ्याशी जखडणाऱ्या कागदी दोऱ्या ओढून तोडण्याऐवजी कात्रीने कापाव्यात. त्या मनगटाभोवती किंवा मानेभोवती गुंडाळलेल्या असतात आणि एक हिसका नाजूक खुंटी मोडायला पुरेसा होतो. रिकामा दिसणारा पुठ्ठा लगेच रद्दीत टाकू नये. बंदुका, लहान साथीदार रोबो आणि मुठी पुठ्ठ्याच्या दुमडलेल्या कप्प्यांत लपलेल्या असतात, आणि ‘भाग गहाळ आहे’ अशी तक्रार करण्यापूर्वी ते कप्पे उलगडून पाहिलेच पाहिजेत.

यानंतर डावी आणि उजवी बाजू शेजारी ठेवून तपासावी. अस्सल खेळण्यांतही कारखान्यात जोडणी करताना कधी दोन्ही बाजूंना एकाच बाजूचा भाग लागतो. अशा वेळी गुडघा उलट्या दिशेने वळतो किंवा एकच दार बंद होत नाही, आणि घेणाऱ्याला वाटते की आपल्यालाच रूपांतर जमत नाही. दोन बाजूंत फरक आढळला तर स्क्रू उघडण्याआधी विक्रेत्याशी बोलावे, कारण एकदा खेळणे उघडले की ते परत करण्याचा मार्ग बहुधा बंद होतो.

नकली मालाबद्दल थोडे सांगायला हवे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे अस्सल मोठा रोबो महाग पडतो आणि निम्म्याहून कमी किमतीची नक्कल मोहात पाडते. नकलेतील पिना सैल असतात, रंग जाड असतो आणि प्लॅस्टिकचा दर्जा कळायला मार्ग नसतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. रोबो लहान मुलाच्या हाती जाणार असेल तर ते चिन्ह पाहूनच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोर कुठे लावावा आणि कुठे मुळीच लावू नये

रूपांतराच्या बाबतीत सगळे सांधे सारखेच समजणे ही मूळ चूक आहे. मोठ्या रोबोचे खांदे, नितंब आणि गुडघे यांत दातेरी चक्राचा, म्हणजे रॅचेटचा सांधा असतो. तो कट्-कट् आवाज करत एकेक दाता पुढे सरकतो आणि त्याला खरोखरच जोर लागतो. २०१३ मधील मेट्रोप्लेक्स हा सुमारे दोन फुटी रोबो पहिल्यांदा हाताळणारा माणूस हा आवाज ऐकून घाबरतो, पण तो बिघाडाचा आवाज नव्हे. याउलट मनगट, मान आणि छोट्या तोफा यांत गोळी-वाटीचा किंवा साध्या खुंटीचा सांधा असतो आणि त्याला बोटभर जोर पुरतो. गोळी वाटीतून निसटली तर भाग तुटला असे समजू नये. जास्त ताण आला की निसटावे, मोडू नये, अशीच तिची रचना असते, आणि ती सरळ दाबून परत बसवता येते. खांदा फिरवताना हात टोकाला धरू नये, सांध्याच्या अगदी जवळ धरावा. टोकाला धरल्यास तोच जोर कितीतरी पटींनी वाढून मधल्या कमकुवत बिजागरीवर पडतो, आणि मोठ्या खेळण्यांत सर्वाधिक मोडतोड होते ती याच प्रकारे.

पारदर्शक भाग वेगळे ओळखावेत. निळ्या किंवा लाल काचेसारख्या दिसणाऱ्या खिडक्यांचे प्लॅस्टिक वाकत नाही, तडकते, आणि त्यातून धातूची पिन आरपार गेलेली असेल तर त्या पिनेभोवती आधीपासूनच ताण असतो. असा भाग उघडताना त्याच्या कडेखाली नख घालण्याऐवजी आतल्या बाजूने बोटाने ढकलावे.

एखादा सांधा अजिबात हलत नसेल तर थांबावे. सूचनापत्रिकेतील मागची पायरी पुन्हा पाहिली की बहुतेक वेळा असे आढळते की एखादी खुंटी अजून खाचेत अडकलेली आहे किंवा पाठीचा पत्रा पुरेसा वर उचललेला नाही. सूचनापत्रिकेतील चित्रे लहान असतात आणि बाण कधीकधी फसवे असतात. म्हणून पहिल्या वेळी प्रत्येक पायरीनंतर मोबाईलवर छायाचित्र काढावे. परत रोबोरूपात आणताना हीच छायाचित्रे सर्वांत उपयोगी पडतात, कारण पत्रिका बहुधा एकाच दिशेचे रूपांतर दाखवते आणि उलट क्रम आपल्यावर सोडते.

सर्व खुंट्या मोकळ्या असूनही सांधा हलला नाही, तर बिजागरीतला रंग ओला असतानाच जोडणी झाली असण्याची शक्यता असते. अशा वेळी केस वाळवण्याच्या यंत्राने वीतभर अंतरावरून थोडी ऊब द्यावी आणि सांधा दोन्ही दिशांना अगदी थोडा थोडा हलवावा. रंगाची पकड सुटल्याचे हाताला लगेच जाणवते. पक्कड लावणे हा उपाय नव्हे.

सैल आणि घट्ट सांध्यांवरचे घरगुती उपाय

घट्ट सांध्यात खोबरेल तेल, शिलाई यंत्राचे तेल किंवा गंज काढण्याचा फवारा घालण्याची सवय आपल्याकडे सर्वत्र आहे आणि तिने पुष्कळ चांगली खेळणी वाया जातात. खनिज तेल आणि त्यातील द्रावक काही प्लॅस्टिकांत, विशेषतः ताणाखाली असलेल्या पारदर्शक भागांत, बारीक चिरा पाडतात, तर खोबरेल तेल कालांतराने चिकट होऊन खानदेशची सारी धूळ धरून ठेवते. वापरायचेच असेल तर शुद्ध सिलिकॉन तेल वापरावे. ट्रेडमिलच्या पट्ट्यासाठी मिळणारे चालते. ते काडीच्या टोकाने एक थेंबच लावावे. दातेरी सांध्यात मात्र तेही घालू नये.

सैल सांध्यासाठी पुष्कळजण थेट फेविक्विक वापरतात. तो द्रव क्षणात आत झिरपून सांधा कायमचा गोठवतो आणि आजूबाजूला पांढरट थर सोडतो. शिवाय अनेक पिना आणि खुंट्या ज्या निसरड्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यावर तो धरतही नाही. त्यापेक्षा नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचा एखादा वेढा गोळीवर किंवा खुंटीवर देऊन सांधा परत दाबला की पकड येते, आणि नको असल्यास ती काढूनही टाकता येते. मुळात पाय सैल वाटत असेल तर आधी गुडघ्याजवळचा स्क्रू पाहावा, कारण पाव वळसा आवळल्याने काम भागते. त्यासाठी टोकाशी नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर हवा. मोठ्या मापाचा लावला की स्क्रूचे डोके झिजते आणि मग तो ना आवळता येतो ना काढता येतो.

स्टिकर लावण्याची घाई करू नये. रोबो दोन्ही रूपांत एकदा नेऊन आणल्याशिवाय कोणता पृष्ठभाग कशावर घासतो हे कळत नाही, आणि घासणाऱ्या जागी लावलेला स्टिकर काही दिवसांत गुंडाळला जातो. लावण्यापूर्वी पृष्ठभाग किंचित ओलसर कापडाने पुसून पूर्ण कोरडा करावा, बोटांऐवजी चिमटा वापरावा आणि फटीवरून जाणारा स्टिकर धारदार पात्याने फटीपाशी कापावा.

दिवे आणि आवाज असलेल्या रोबोत सेल घालून ते महिनोन् महिने तसेच ठेवल्यास ते पाझरून संपर्कपट्ट्या खातात. बटनासारखे चपटे सेल असतील तर त्यांच्या कप्प्याचा स्क्रू घट्ट आहे ना हे प्रत्येक वेळी पाहावे. लहान मुलाने असा सेल गिळल्याची शंका जरी आली तरी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे, कारण तो अन्ननलिकेत काही तासांत गंभीर जखम करतो.

ठेवताना पश्चिमेकडची खिडकी टाळावी. शेतात उघड्यावर पडलेला पीव्हीसी पाइप काही उन्हाळ्यांनंतर ठोकताच फुटतो हे आपल्या भागातला प्रत्येक शेतकरी जाणतो; उन्हातला रोबो त्याच वाटेने जातो, आणि त्याचे पांढरे भाग त्याआधीच पिवळे पडतात. जुने खेळणे विकत घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात बनलेल्या काही रोबोंत सोनेरी चमक मिसळलेले प्लॅस्टिक वापरलेले होते आणि ते न हाताळताही आतून ठिसूळ होते. असा भाग रूपांतरित करून पाहण्याचा मोह आवरावा.

परीक्षण लिहिताना

पहिल्या दिवशीच परीक्षण लिहिणे टाळावे. नवा सांधा घट्ट असतोच. तो पाच-सहा रूपांतरांनंतर कसा राहतो आणि पूर्ण वजन घेऊन रोबो आठवडाभर उभा राहिल्यावर त्याचे घोटे झुकतात का, हे वाचकाला हवे असते. मोठ्या रोबोचे हात-पाय आतून पोकळ आहेत म्हणून त्याला हलका माल ठरवणेही अन्यायाचे आहे. दोन फुटी शरीर भरीव केले असते तर कोणताही दातेरी सांधा त्याला पेलू शकला नसता. पोकळी नेमकी कुठे आहे, ती समोरून दिसते की केवळ मागून, आणि तिथले प्लॅस्टिक बोटाने दाबल्यावर दबते का, हे लिहिले तर ते खरे परीक्षण होईल.

उंची ‘खूप मोठी’ असे न लिहिता फूटपट्टी शेजारी धरून छायाचित्र द्यावे, आणि शिंगांसह किती व डोक्यापर्यंत किती ही दोन्ही मापे द्यावीत, कारण खोक्यावरचे माप पुष्कळदा सर्वांत उंच टोकापर्यंतचे असते. छायाचित्र सकाळच्या मवाळ उजेडात काढावे. खानदेशच्या दुपारच्या प्रखर उन्हात राखाडी आणि पांढरा यांतला फरकही पुसला जातो. दोष आढळला तर तो आपल्याच नगात आहे की रचनेतच आहे, हे शक्य तितके वेगळे करून सांगावे. एका बाजूचा गुडघा सैल आणि दुसऱ्या बाजूचा घट्ट असेल तर दोष बहुधा जोडणीचा असतो. दोन्ही सारखेच सैल असतील तर तो रचनेचा असण्याची शक्यता अधिक, आणि खरेदीचा निर्णय घेणाऱ्याला ही दुसरी माहिती आधी कळायला हवी.