बिनपगारी रजा, कपात, राजीनामा : विमानतळावरच्या कामगारांनो, या चुका टाळा

जून २०२०. रात्री साडेअकराला फोन वाजला. चेक-इन काउंटरवर आठ-साडेआठ वर्षं उभी राहिलेली मुलगी होती. "दादा, कंपनीचा बिनपगारी रजेचा मेल आलाय. उद्या संध्याकाळी सहाच्या आत 'मान्य आहे'वर क्लिक करायचंय. नाही केलं तर काय, ते लिहिलेलंच नाही." मी म्हटलं, वरचा विषय वाच. तिने वाचला. त्यात 'स्वेच्छेने' असा शब्द होता. तिची इच्छा कुणीच विचारली नव्हती.

त्या काळात मी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफच्या युनियनच्या कमिटीत होतो. करोनाच्या टाळेबंदीत २५ मार्चला देशांतर्गत उड्डाणं थांबली, २५ मेला सुरू झाली तीही एक तृतीयांश क्षमतेने. जुलैत एअर इंडियाने सहा महिने ते दोन वर्षं, आणि वाढवत नेल्यास पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजेची योजना काढली. २० जुलैला इंडिगोने १० टक्के माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. विमान कंपन्यांची जमिनीवरची कामं ठेक्याने करणाऱ्या छोट्या हॅंडलिंग एजन्स्यांच्या बातम्या पेपरात आल्या नाहीत, पण त्यांची माणसं आमच्याकडे रोज येत होती.

स्पष्ट सांगतो, कपात थांबवणं बहुतेक ठिकाणी आमच्या हातात नव्हतं. विमानंच उभी होती. पण माणूस कोणत्या शब्दावर बाहेर पडतो, हे हातात होतं. त्या एका शब्दावर पुढे लाखभर रुपये आणि परत कामावर घेण्याचा हक्क, दोन्ही अवलंबून होते. सर्वांत जास्त नुकसान तिथेच झालं.

शब्द न वाचता सही

बिनपगारी रजेत तुमची नोकरी चालू असते, फक्त पगार थांबतो. ले-ऑफ म्हणजे मालकाकडे तात्पुरतं काम नाही, तुमचं नाव मात्र हजेरीपटावर आहे. कपात म्हणजे मालकाने तुम्हाला काढलं. इथे मी माणसाच्या कपातीबद्दल बोलतोय, पगाराच्या नाही. आणि राजीनामा म्हणजे तुम्ही स्वतः गेलात. घरी बसलेल्या माणसाला चारही सारखेच वाटतात, कारण महिन्याच्या एक तारखेला खात्यात काहीच येत नाही. कायद्याला ते सारखे नाहीत.

तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-एफप्रमाणे कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. राजीनामा दिलात की हे गेलं. कलम २५-एच म्हणतं की पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना आधी विचारा. राजीनामा दिलात की तेही गेलं. म्हणून कंपनीच्या एचआरकडून "राजीनामा दिलात तर अनुभवपत्र चांगलं देऊ, काढलं म्हटलं तर पुढे कुणी घेणार नाही" असं गोड बोलणं आलं, की सावध व्हा. आमच्याकडे आलेल्या दहा जणांतले निम्मे तरी याच वाक्यावर सही करून आलेले असायचे.

सही झालीच असेल तर? राजीनामा पुढच्या तारखेपासून लागू होणार असेल आणि ती तारीख उलटलेली नसेल, तर तो मागे घेता येतो. त्याच दिवशी, स्वतःच्या खासगी मेलवरून लिहा : मी दबावाखाली सही केली, राजीनामा मागे घेत आहे. फोनवर सांगितलेलं कुठेच उरत नाही. बिनपगारी रजेच्या बटणावर क्लिक केलं असेल, तर लगेच एक ओळ पाठवा : "नोकरी टिकवण्यासाठी माझे सर्व हक्क राखून ही रजा स्वीकारत आहे, ही रजा माझ्या विनंतीवरून नाही." त्या रात्री त्या मुलीला मी फोनवर हीच ओळ सांगितली आणि तिने ती टाइप करून पाठवली. आजही माझ्या फोनमध्ये तिचा स्क्रीनशॉट आहे.

ले-ऑफची भरपाई गृहीत धरणं

गावातला एखादा जाणता काका सांगतो, ले-ऑफमध्ये अर्धा पगार मिळतोच. गिरणीत मिळायचा, म्हणून तो सांगतो. ती ५० टक्के भरपाई ज्या तरतुदीत आहे, तिच्यात औद्योगिक आस्थापना म्हणजे कारखाना, खाण आणि मळा. विमान कंपनी त्यात बसत नाही. कपातीसाठी सरकारची आधी परवानगी घेण्याचं प्रकरणही तसंच कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरतं. २५-एफ मात्र सगळ्या उद्योगांना लागू होतं, विमान कंपनीलाही. त्यामुळे भांडण कोणत्या कलमावर उभं करायचं, ते आधी ठरवा. चुकीच्या कलमावर अर्ज केला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो बाजूला सारतो.

जुन्या आदेशावर विसंबणं

इथे आम्ही युनियनवालेही चुकलो, आणि ते मी लपवणार नाही. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला की टाळेबंदीत पगार कापू नका. आम्ही तो सगळ्या ग्रुपवर फिरवला, धीर दिला. १८ मेपासून तो मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी बसून तडजोड करावी, असं म्हटलं आणि मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. पण आमच्या ग्रुपवर जुनाच आदेश फिरत राहिला. जुलैत लोक तो कागद छापून एचआरला दाखवायला जायचे. आदेश पाठवताना त्याखाली 'आजच्या तारखेला लागू आहे की नाही' एवढं लिहिलं असतं, तर त्या माणसांनी ते दोन महिने वाट बघण्यात घालवले नसते.

चुकीच्या ऑफिसात अर्ज

मुंबईतला कामगार पहिल्यांदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राज्याच्या कामगार भवनात जातो. विमान वाहतूक सेवेसाठी मात्र 'समुचित सरकार' म्हणजे केंद्र सरकार. त्यामुळे तक्रार जाते केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे. मुंबईत ते ऑफिस सायनला, श्रम रक्षा भवनात आहे. ठेकेदाराकडच्या लोडर आणि क्लिनरांनी अर्जात मूळ मालकाचं, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्या कंपनीचं, नाव टाकलंच पाहिजे. ठेकेदाराने पगार बुडवला तर कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१ प्रमाणे तेव्हा तो मूळ मालकाला द्यावा लागायचा; नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याजागीही नवी संहिता आली आहे. नुसत्या ठेकेदाराच्या नावाने अर्ज दिलेल्यांना एक दिवस ठेकेदाराच्या ऑफिसला कुलूप लागलेलं दिसलं.

आणखी एक. "मी ऑफिसर आहे, माझं युनियन कसं चालेल?" असं म्हणून बरेच जण आलेच नाहीत. पदनाम काय आहे त्यावर हे ठरत नाही; दिवसभर प्रत्यक्ष काम काय करता, त्यावर ठरतं. 'ड्यूटी ऑफिसर' असं बिल्ल्यावर लिहून दिवसभर बोर्डिंग पास स्कॅन करणारा माणूस कामगारच आहे.

रजेवर असताना पीएफमध्ये 'नोकरी सोडली' भरणं

ही चूक मला सर्वांत जास्त लागली. कारण ती माणसाने स्वतःच्या हाताने, मोबाइलवर, रात्री लेकरं झोपल्यावर केलेली असायची.

जानेवारी २०२० पासून पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कामगाराला स्वतः भरता येऊ लागली; शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी. बिनपगारी रजेत वर्गणी थांबते, मग तो पर्याय उघडतो. घरात पैसे नाहीत. सायबर कॅफेवाला सांगतो, इथे तारीख टाका, पूर्ण रक्कम निघेल. माणूस टाकतो. पुढे कंपनी म्हणते, हे स्वतःच सोडून गेले, सरकारी नोंद बघा.

त्याची गरजच नव्हती. २८ मार्च २०२० च्या दुरुस्तीने नोकरीत राहूनच महामारीचा ॲडव्हान्स काढता येत होता : तीन महिन्यांचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता किंवा खात्यातल्या रकमेचे ७५ टक्के, यांत जे कमी असेल ते, आणि परतफेड नाही. आधी विचारलं असतं तर तारखेला हात लावायची वेळ आली नसती. पुढेही कधी अशी पाळी आली, तर नोकरी न सोडता काय काढता येतं, ते आधी बघा. तारीख भरून झाली असेल, तर पीएफ ऑफिसला आणि कंपनीला एकाच दिवशी लेखी कळवा की ती चुकून भरली आहे आणि तुम्ही रजेवर आहात. पोच जपून ठेवा.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या लोडर, क्लिनर, ट्रॉलीवाल्यांची ईएसआय (कामगार राज्य विम्याची वर्गणी) कापली जायची. त्यांच्यासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळापुरती नोकरी गेल्यावरची मदत सरासरी पगाराच्या २५ वरून ५० टक्के केली गेली, ९० दिवसांपर्यंत. मालकाच्या सहीविना अर्ज थेट ईएसआयच्या शाखेत देता येत होता. फार थोड्या लोकांनी तो दिला, कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

हिशेब एका ओळीत स्वीकारणं

'फुल अँड फायनल' म्हणून एक आकडा येतो आणि लोक सही करतात. तो फोडून मागा. कपातीची भरपाई वेगळी, ग्रॅच्युइटी वेगळी, शिल्लक रजेचे पैसे वेगळे, नोटीसचा पगार वेगळा.

एक ढोबळ हिशेब. सेवा ८ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांवरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ९ वर्षं. महिन्याचा पगार २६,००० धरला, तर कपातीची भरपाई १३,००० गुणिले ९, म्हणजे १,१७,०००. मूळ वेतन १३,००० असेल, तर ग्रॅच्युइटी १३,००० चे २६ भाग करून त्यांतले १५, म्हणजे ७,५००. गुणिले ९, म्हणजे ६७,५००. दोन्ही मिळून १,८४,५००, तेही नोटीसचा पगार आणि रजेचे पैसे न धरता. आमच्याकडे आलेल्या कागदांवर बऱ्याचदा नुसती ग्रॅच्युइटी असायची आणि पुढे लिहिलेलं असायचं, 'सर्व देणी पूर्ण'.

हेही बघा : भरपाई कपातीच्या वेळीच द्यायची असते. 'पुढच्या तिमाहीत देऊ' चालत नाही, आणि न दिल्यास कपातीलाच आव्हान देता येतं. तसंच रजेचे महिने सेवेतून वजा करून वर्षं कमी दाखवली असतील, तर हरकत घ्या. मंजूर रजेने सेवा खंडित होत नाही.

ही कलमं १९४७ च्या कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याजागी औद्योगिक संबंध संहिता आली आहे. एक महिन्याची नोटीस आणि वर्षाला १५ दिवस हा पाया तिथेही आहे. शिवाय कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम ४५ दिवसांत जमा व्हायची तरतूद आहे. सुपरवायझरला कामगार धरण्याची पगारमर्यादा १०,००० वरून १८,००० झाली आहे. नव्या अर्जात जुनी कलमं टाकू नका.

कागद कंपनीच्याच संगणकावर ठेवणं

शेवटच्या दिवशी दुपारी कंपनीचा मेल बंद होतो. पगाराच्या स्लिपा, रोस्टर, नेमणूकपत्र, सगळं त्यातच. वर्षात २४० दिवस काम केलं की कायदा ती एक वर्षाची सलग सेवा धरतो, आणि त्याचा पुरावा रोस्टरमध्ये असतो. कुजबुज सुरू झाली त्याच दिवशी सगळं उतरवून घ्या.

एअरपोर्ट एंट्री पास परत करताना पोच घ्या. पास जमा नाही म्हणून हिशेब अडवल्याचं मी पाहिलंय, आणि पास देणारा शपथेवर सांगत होता की गेटवर एकाच्या हातात दिला.

धोकादायक मालाच्या हाताळणीचं प्रमाणपत्र २४ महिन्यांत संपतं. विमान अभियंत्याला लायसन्सचे अधिकार वापरायला मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा अनुभव लागतो. लांब रजेवर जाताना लेखी विचारा : रिफ्रेशर कोण देणार, खर्च कुणाचा, मेडिक्लेम चालू राहणार का. मेडिक्लेम बंद होणार असेल, तर त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विनंती मुदत संपण्याआधी करा.

पत्ता न बदलणं

१९४७ च्या कायद्याखालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे कपातीच्या किमान सात दिवस आधी त्या वर्गातल्या कामगारांची ज्येष्ठता यादी नोटीस बोर्डावर लागायला हवी. शेवटी आलेला आधी जातो, हा साधारण नियम; तो मोडायचा तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. बोर्डाचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. रिकामा बोर्ड असेल, तर त्याचाही काढा.

आणि पुन्हा भरती करताना किमान दहा दिवस आधी जुन्या माणसांना कळवायचं असतं. ते पत्र जातं कंपनीकडच्या पत्त्यावर. मे २०२० मध्ये आमचे कितीतरी लोक कणकवली, देवगड, पाटणकडे निघून गेले. मरोळची, वाकोल्याची भाड्याची खोली सोडली, डिपॉझिट परत घेतलं.

एका लोडरची खोली मी पाहिली आहे. वाकोल्यात, जिन्याखाली. त्याच्या जागी आलेल्या भाडेकरूने रजिस्टर पत्र घेतलं नाही, पोस्टमनने 'पत्ता सोडून गेले' असा शेरा मारून ते परत पाठवलं. ती प्रत आम्हाला सायनला सुनावणीच्या वेळी कंपनीच्या फाइलमध्ये दिसली. शेरा निळ्या शाईत, तारीख स्पष्ट. आम्ही म्हटलं, याचा मोबाइल नंबर तुमच्याकडे होता. ते म्हणाले, पत्त्यावर कळवलं आहे. तो माणूस देवगडला आंब्याच्या पेट्या ठोकत होता, आणि त्याची जागा भरली गेली होती.

गावी निघताना एसटीत बसायच्या आधी दोन मेल करा, एक कंपनीला आणि एक युनियनला : "माझा आजपासूनचा पत्ता हा. पत्र या पत्त्यावर आणि या मोबाइलवर कळवावे." खाली गावाचं नाव, वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड, आणि शेजाऱ्याचा नंबर, कारण वाडीत रेंज नसते.