‘ताई, ३० सेकंद चालतात!’ लेखात गाण्याचा तुकडा जोडताना या चुका टाळा

संगीतावरचे लेख तपासायला येतात, तेव्हा सोबतच्या ऑडिओ फाइलची लांबी मी न उघडताच सांगते: २९ सेकंद. फार तर २८. कारण कुणीतरी कुणाला तरी सांगून ठेवलंय की ३० सेकंदांच्या आत राहिलं की कॉपीराइट लागत नाही.

असा नियम नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ उघडून बघा, त्यात सेकंदांचा आकडाच नाही. ऑनलाइन गाणी विकणारे जो ३० सेकंदांचा नमुना ऐकवतात, तो रेकॉर्ड कंपन्यांशी केलेल्या कराराने. तो करार तुमच्याशी झालेला नाही. आणि ज्याचा सारखा उल्लेख होतो तो ‘फेअर यूज’ अमेरिकेच्या कायद्यातला. आपल्याकडे आहे ‘फेअर डीलिंग’, तेही ठरावीक कारणांसाठी: खासगी किंवा वैयक्तिक वापर (त्यात संशोधनही), टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मुलाने मारवा आणि पूरिया यांवर लेख दिला. दोन्ही रागांचे स्वर तेच, पण मारव्यात रिषभ-धैवतावर (रे-ध) भर, पूरियात गंधार-निषादावर (ग-नी). लेख सुरेख होता. मारव्याचा तुकडा मात्र एका विकत मिळणाऱ्या रेकॉर्डिंगमधला, अर्थात २९ सेकंदांचा. पहिले १२ सेकंद नुसता तानपुरा, मग षड्जाभोवती (सा) रेंगाळणं, आणि ज्या धैवताबद्दल लेखात दीड परिच्छेद होता तो येतो २१व्या सेकंदाला! मी म्हटलं, काप. तर म्हणे, “ताई, ३० चालतात, आणि सुरुवात ऐकली की वातावरण तयार होतं.” डेडलाइन होती, मीही सोडून दिलं. चूक माझी.

तीन आठवड्यांनी सकाळच्या लोकलमध्ये, परळच्या आसपास, रेकॉर्ड कंपनीचा मेल आला, तुकडा काढा म्हणून. रीतसर, थंड. मी दारात लटकून विचार करत होते की समीक्षेसाठी घेतला म्हणून भांडावं का. पण कुठल्या तोंडाने? तानपुऱ्यावर आम्ही एक अक्षर लिहिलं नव्हतं. ते २० सेकंद निव्वळ सजावट होती. तुकडा उतरवला. पुढे त्याच लेखात दुसऱ्या रेकॉर्डिंगचे ८ सेकंद ठेवले, धैवताच्या वाक्याला अगदी चिकटून. त्यावर कुणाचा मेल आलेला नाही. म्हणून आता ‘८ सेकंद चालतात’ असं पसरवू नका, हात जोडते.

माझी सवय सांगते: आधी वाक्य लिहायचं, मग तुकडा शोधायचा. वाक्यात ज्याचा उल्लेख नाही तो सेकंद कापायचा. उलट क्रमाने काम करणारे, म्हणजे आधी आवडतं गाणं कापून मग त्याला लेख चिकटवणारे, पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतात.

दुसरी लाडकी चूक: “जुनं आहे, म्हणजे फुकट.” अहो, एका गाण्यात हक्क अनेक असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. ‘संगीत स्वयंवर’ हे नाटक १९१६चं; ते लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. त्यांचे शब्द आणि चाली मोकळ्या. पण तेच पद कुणी १९९५ साली गाऊन प्रकाशित केलं असेल, तर ते मुद्रण २०५५ अखेरपर्यंत बांधलेलं. उलट गदिमांचं गीत घ्या. तबकडी १९६० सालची असेल तर मुद्रणाची मुदत २०२० अखेर संपली, पण गदिमा १९७७ साली गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे किंवा ज्याला हक्क दिले त्याचे. त्यामुळे फक्त तबकडीवरचं साल वाचून उड्या मारू नका.

बाकीच्या पटापट. ‘सौजन्य’ लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. नाव द्यायचंच, ते वेगळं. ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ ही ओळ खोडा, तिने कुणी थांबत नाही. कुणाच्या घरच्या बैठकीत फोनवर टिपलेलं गाणं तर नकोच, कलाकाराचे स्वतःचे हक्क असतात आणि त्याला विचारणं ही साधी रीतही आहे.

“पण आम्ही शिकवतोय ना!” शिक्षक-विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या ओघात सवलत आहे खरी, आणि दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या पानांच्या प्रती काढण्यावरून प्रकाशकांनी केलेला दावा) २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती बरीच उदारपणे वाचली. पण तिथे वर्ग होता, अभ्यासक्रम होता. सगळ्या जगाला उघडा आणि खाली साबणाची जाहिरात असलेला लेख आपोआप वर्ग होत नाही.

हल्ली मी पारंपरिक बंदिशींपुरता सोपा मार्ग धरलाय. गिरगावात आमचे एक पेटीवाले काका आहेत, चहा-खारीच्या बदल्यात हवी ती स्वरावली वाजवून देतात आणि वापरायची परवानगी एका ओळीत लिहूनही देतात. फक्त मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पेटीवर येत नाही. तेवढी मीच गाते, आवाज बसलेला असला तरी.