ऑल्डवर्थच्या ‘बेल इन’मध्ये जाताना

लंडनहून एक दिवस बाहेर पडायचं असेल तर बर्कशायरमधल्या ऑल्डवर्थ गावातला ‘बेल इन’ गाठा. अडीचशेहून जास्त वर्षं एकाच घराण्याने चालवलेला हा पब. १९९० आणि २०१९ साली ‘कॅमरा’ या बिअरप्रेमींच्या संस्थेने त्याला देशातला सर्वोत्तम पब ठरवलं.

टेबलाशी बसून वेटरची वाट पाहू नका, कोणी येणार नाही. नेहमीचा लांबलचक काउंटरही इथे नाही. काचेच्या तावदानांची एक खिडकी आहे, तिच्यापाशी जाऊन मागायचं आणि लगेच पैसे द्यायचे. रांग दिसत नसली तरी आधी कोण आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा मध्ये घुसू नका. बिअर ओळखीची नसेल तर आधी घोटभर चव मागा, त्यात संकोच कसला! टिप ठेवायची पद्धत नाही. फारच खूश झालात तर बिअर देणाऱ्याला ‘तुमच्यासाठीही एक घ्या’ म्हणायचं, म्हणजे त्याच्या ग्लासाचे पैसे तुम्ही द्यायचे. रिकामे ग्लास उठताना खिडकीपाशी नेऊन दिले की झालं.

खाणं साधं: सूप आणि भरलेले गरम पाव. शाकाहारी मंडळींनी चीजचा घ्यावा. मात्र सोमवारी जाऊ नका, आणि निघण्याआधी वेळा तपासा.