रात्रीच्या मोटारीचे तास पायथॉनमध्ये कसे मोजावेत

जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीला बरेचदा रात्रीच्या लाइटवर पाणी द्यावं लागतं. समजा, शेजारच्या विहिरीचं पाणी तासाला 80 रुपयांनी घेतलंय. मोटार 22:40 ला सुरू, 06:15 ला बंद, म्हणजे 7 तास 35 मिनिटं. हेच 7.35 लिहून गुणलं की 588 रुपये येतात. खरे होतात 606.67.

आधी सुरू-बंदच्या वेळेसोबत तारीख नोंदवा. नुसत्या 'टाइम'मधून (तारखेविना वेळ) 'टाइम' वजा केला तर पायथॉन एरर देतो. दोन 'डेटटाइम' (तारीख आणि वेळ एकत्र) वजा केले की 'टाइमडेल्टा', म्हणजे मधला कालावधी, मिळतो. (कोडात ही नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं.)

टाइमडेल्टाच्या पोटात तीनच आकडे असतात: दिवस, सेकंद, मायक्रोसेकंद. खरी गोम इथेच आहे. दोन्ही वेळांना चुकून एकच तारीख दिली तर उत्तर 'उणे 1 दिवस, 7:35:00' असं विचित्र दिसतं, कारण उणेपणा फक्त दिवसांकडे ठेवला जातो. त्यातून 'सेकंड्स' (म्हणजे फक्त सेकंदांचा आकडा) वाचलं तर 27300, म्हणजे बरोबर 7 तास 35 मिनिटं! चुकीच्या नोंदीतून बरोबर उत्तर आलं, की तीच सवय लागते.

मग आठवड्याची बेरीज येते. अशा सात रात्री म्हणजे 53 तास 5 मिनिटं. पायथॉन दाखवतो 2 दिवस, 5:05:00. 'सेकंड्स' मात्र 18300 म्हणजे जेमतेम 5 तास. 48 तासांचे 3840 रुपये हिशेबातून गायब. म्हणून नेहमी 'टोटल सेकंड्स' (कोडात total_seconds(), दिवसांसकट सगळे सेकंद) घ्या. इथे 191100 येतील. 3600 ने भागा, तास मिळतात. आणि एकाच तारखेची चूक असेल तर त्या रात्रीचा हा आकडा उणे येतो, चूक लगेच उघडी पडते.

बेरजेला 'सम' वापरताना सुरुवातीची किंमत शून्य टाइमडेल्टा द्या. नाहीतर तो साध्या 0 पासून सुरू करतो आणि अडतो.

छापताना 'डिव्हमॉड'ने 3600 चा भागाकार व बाकी काढा, बाकीला 60 ने भागा. मिनिटं दोन अंकी ठेवा, नाहीतर 53:05 चं 53:5 होतं.

केळीच्या लागवडीपासून अकरा महिने मोजायला टाइमडेल्टा चालत नाही, त्यात महिना हे मापच नाही. तिथे 'डेटयूटिल' या वेगळ्या लायब्ररीचा 'रिलेटिव्हडेल्टा' घ्या. 31 जानेवारीत महिना मिळवला की तो फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी थांबतो.